बापाचा संघ, मामाची नजर

काही वर्षांपूर्वी आमच्या वसाहतीतील बारा वर्षांखालच्या मुलांच्या क्रिकेट संघाची जबाबदारी आमच्याकडे आली. 'आली' हा शब्द सभ्यपणाचा झाला. दुसरे कोणी घेईना म्हणून ती गळ्यात पडली. आमचे चिरंजीव त्या संघात होते. फलंदाजी बेताची, पण झेल चांगले घेत. पहिल्या सामन्याच्या आदल्या रात्री अकरा नावांची यादी करायला बसलो. दहा नावे झटकन झाली. अकराव्या जागेसाठी दोन मुले होती आणि त्यांतला एक आमचा. खरे सांगायचे तर आमचाच किंचित उजवा होता. आम्ही दुसऱ्याचे नाव लिहिले आणि आपण किती निःपक्षपाती आहोत या समाधानात झोपी गेलो. दुसऱ्या दिवशी सामना हरून परतताना चिरंजीवांनी विचारले, "बाबा, मी तुझा मुलगा नसतो तर आज खेळलो असतो ना?"

आम्हांला उत्तर देता आले नाही. आपल्या पोराला झुकते माप देणारा बाप चारचौघांना लगेच दिसतो. लोकलज्जेस्तव त्याच्या मापात मारणारा बाप मात्र कोणाला दिसत नाही, आणि दिसलाच तर त्याचे कौतुक होते. तराजू दोन्हीकडे बिघडलेलाच असतो. स्वतःच्या मुलांच्या संघाला शिकवणाऱ्या आईबापांची ही अडचण काही नवी नसणार, असे वाटून आम्ही क्रिकेटच्या जुन्या इतिहासात डोकावलो. तेथे आरंभीच एक घर भेटले. त्या घरातील बापाने अंगणात खेळपट्टी केली, गावात क्लब काढला, त्या क्लबात पोरांना खेळवले, आणि त्यांतील तीन पोरे पुढे एकाच कसोटी सामन्यात इंग्लंडकडून खेळली. हे घर म्हणजे ब्रिस्टलजवळील डाउनएंड या खेड्यातील डॉक्टर ग्रेस यांचे. डब्ल्यू. जी. ग्रेस या दाढीवाल्या महापुरुषाचे नाव बहुतेक वाचकांस ठाऊक असते; त्याचे घर मात्र फारसे कोणी पाहिलेले नसते. आमच्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्व आहे ते घराला.

डॉ. हेन्री मिल्स ग्रेस यांचा जन्म १८०८ सालचा. १८३१ मध्ये त्यांनी मार्था पोकॉक या ब्रिस्टलच्या मुलीशी लग्न केले आणि डाउनएंडला दवाखाना थाटला. त्यांना नऊ अपत्ये झाली, पाच मुलगे आणि चार मुली. मुलग्यांत हेन्री आणि आल्फ्रेड थोरले. मग १८४१ मध्ये एडवर्ड मिल्स, ज्याला क्रिकेटचे जग ई. एम. म्हणून ओळखते, १८४८ मध्ये विल्यम गिल्बर्ट, म्हणजे आपले डब्ल्यू. जी.; आणि १८५० मध्ये धाकटा फ्रेड. डॉक्टरसाहेब घोड्यावरून गावोगाव रोगी पाहत हिंडत. क्रिकेटचे वेड दांडगे, पण वेळ थोडा. त्या काळी हा खेळ रीतसर शिकायचा तर श्रीमंतांच्या निवासी शाळांत जावे लागे, जेथे शिकवायला धंदेवाईक खेळाडू नेमलेले असत. खेड्यातल्या डॉक्टरच्या पाच मुलांना ते परवडण्यासारखे नव्हते. म्हणून १८५० च्या सुमारास 'द चेस्टनट्स' या नव्या घरात बिऱ्हाड हलवल्यावर डॉक्टरांनी मागच्या फळबागेतील काही झाडे काढून तेथे खेळपट्टी तयार केली. मुलांची शाळा ती.

मार्थाबाईंच्या माहेराचीही थोडी ओळख करून दिली पाहिजे, कारण पुढील कथेचा अर्धा भाग माहेरचा आहे. त्यांचे वडील जॉर्ज पोकॉक हे ब्रिस्टलमध्ये शाळा चालवीत आणि उरलेला वेळ पतंगांवर प्रयोग करीत. घोड्यांऐवजी पतंगांनी ओढली जाणारी गाडी त्यांनी तयार केली आणि १८२६ मध्ये तिचे पेटंट घेतले. त्याआधी, १८२४ मध्ये, या गृहस्थांनी प्रचंड पतंगाला खुर्ची बांधली, खुर्चीत स्वतःच्या मुलीला बसवले आणि तिला अडीचशे फुटांहून अधिक उंच आकाशात चढवले. ती मुलगी म्हणजे मार्था. ती सुखरूप उतरली म्हणून ही हकीकत आज गमतीची वाटते. आपल्या हौसेच्या खुर्चीत मूल बसवण्याची आईबापांची हौस किती जुनी आहे आणि दोरी तुटली असती तर काय झाले असते, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. पुढे आई झालेल्या मार्थाबाईंच्या मनात तो विचार कधी आला की नाही, इतिहास सांगत नाही. पण मुलांना खेळवताना त्यांनी दोरी भलत्याच्या हाती जाऊ दिली नाही, एवढे दिसते.

ती दोरी त्यांनी दिली आपल्या भावाच्या हाती. आल्फ्रेड पोकॉक हा मुलांचा मामा. मराठी मुलांच्या मनात मामाचे घर म्हणजे सुट्टी. डाउनएंडच्या मुलांच्या घरी मात्र मामाच शिक्षक होऊन आला. स्वतः तो मोठा खेळाडू नव्हता. क्रिकेट तो जरा उशिरा शिकला होता, आणि उशिरा शिकणाऱ्याला प्रत्येक गोष्ट विचार करून शिकावी लागते. पाय कोठे ठेवावा, कोपर कोठे असावे, बॅट सरळ का धरावी, हे त्याला सवयीने नव्हे तर कारणांसह ठाऊक होते. जन्मजात खेळाडूला शिकवता येईलच असे नाही; कष्टाने शिकलेल्याला बहुधा येते. बागेत मामा तासन्‌तास गोलंदाजी करी. डॉन, पाँटो आणि नोबल हे तीन कुत्रे चेंडू आणून देत. पाँटोची क्षेत्ररक्षणातली चपळाई पुढे डब्ल्यू. जीं.च्या आठवणींत नोंदली गेली. एवढे भाग्य पुष्कळ माणसांच्याही वाट्याला येत नाही. चार बहिणींच्या वाट्याला मुख्यतः पाहणे आणि लांब गेलेला चेंडू परत फेकणे आले असावे. त्यांना पुरेसा डाव कोणी दिला असता तर काय झाले असते, हा प्रश्न त्या बागेत तेव्हा कोणाला पडला नाही.

मामाच्या शिकवण्यातील एक गोष्ट आम्हांला सर्वांत मोलाची वाटते. ई. एम. लहानपणी मोठ्यांच्या आकाराची बॅट घेऊन खेळे. ती बॅट त्याच्या उंचीला मोठी आणि मनगटाला जड. सरळ खाली आणताना ती जमिनीत अडके, म्हणून पोरगा ती आडवी फिरवायला शिकला. दृष्टी आणि चपळता असामान्य असल्यामुळे आडव्या बॅटीनेही त्याने गोलंदाजांना सळो की पळो केले, पण ती खोड जन्मभर गेली नाही. मामाने हे पाहिले. विल्यम आणि फ्रेड खेळू लागले तेव्हा त्याने त्यांच्या हाती त्यांच्या उंचीच्या बॅटी दिल्या, आणि बॅट सरळ ठेवण्याचा धडा पहिल्या दिवसापासून गिरवून घेतला. पहिल्या भाच्याच्या बाबतीत झालेली चूक त्याने धाकट्यांच्या बाबतीत सुधारली. हे वाचायला सोपे वाटते. प्रत्यक्षात, ज्याच्या आडव्या बॅटीने सामने जिंकले जात आहेत अशा पोराकडे बोट दाखवून 'हे माझे चुकले' म्हणणे बापाला जड गेले असते. बापाला पोरात स्वतःचा विजय दिसतो, मामाला बॅट दिसली.

आता क्लबाकडे वळू. हेन्री ग्रेस यांनी १८४० च्या दशकाच्या मध्यास मँगॉट्सफील्ड क्रिकेट क्लब काढला, आणि लवकरच तो शेजारच्या क्लबाशी एक होऊन 'वेस्ट ग्लॉस्टरशायर' या नावाने खेळू लागला. व्यवस्था डॉक्टरांची, उत्साह डॉक्टरांचा, आणि हळूहळू खेळाडूही डॉक्टरांच्या घरचेच. १८५४ मध्ये त्यांनी मोठे धाडस केले. विल्यम क्लार्क यांचा 'ऑल इंग्लंड इलेव्हन' हा देशातील नामांकित धंदेवाईक खेळाडूंचा संघ गावोगाव सामने खेळत फिरे. त्याला त्यांनी ब्रिस्टलला आणले. स्टोक्स क्रॉफ्ट भागातील एका हॉटेलामागच्या शेतात खेळपट्टी करवून घेतली आणि अकरा पाहुण्यांविरुद्ध बावीस यजमान उतरले. बावीस जणांत डॉक्टर होते, थोरला मुलगा होता आणि मामाही होता. सहा वर्षांचे होऊ घातलेले डब्ल्यू. जी. आईबरोबर घोडागाडीत बसून सामना पाहत होते. पाहुण्यांपैकी काही जण उंच टोप्या घालून खेळत होते, हे त्यांच्या पुढे कायमचे ध्यानात राहिले.

दुसऱ्या वर्षी, १८५५ मध्ये, ऑल इंग्लंडचा संघ पुन्हा आला, आणि या वेळी बावीस जणांत ई. एम. चे नाव होते. वय वर्षे तेरा. येथे आम्ही जरा थबकतो. आजच्या एखाद्या पालकाने मोठ्यांच्या संघात स्वतःचा तेरा वर्षांचा मुलगा घातला असता तर मैदानाच्या कडेला काय कुजबुज झाली असती हे सांगायला नको. त्या दिवशी ब्रिस्टलमध्येही कोणीतरी म्हणाले असेल की क्लब डॉक्टरचा, मैदान डॉक्टरने केलेले, मग पोरगा खेळणारच. या कुजबुजीला उत्तर बापाने दिले नाही. त्याला देताही आले नसते. उत्तर दिले प्रतिस्पर्धी संघाच्या प्रमुखाने. यष्टिरक्षकाच्या मागे सीमेकडे उभे राहून निसटलेले चेंडू अडवणे हे त्या काळच्या ओबडधोबड खेळपट्ट्यांवर अंगाला खरचटून घेण्याचे काम असे. पोराने ते ज्या धिटाईने केले ते पाहून क्लार्क यांनी त्याला एक बॅट बक्षीस दिली. मार्थाबाईंनाही त्यांनी स्वाक्षरी करून क्रिकेटवरचे एक पुस्तक भेट दिले. ज्याला त्या पोराच्या यशापयशाशी काही देणेघेणे नव्हते, त्याने दिलेली ती पावती होती. पोराला तिचा जो उपयोग झाला असेल, त्याहून अधिक कदाचित बापाला झाला असेल.

मार्थाबाईंच्या नजरेची साक्ष देणारी एक गोष्ट क्रिकेटच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते. १८६० च्या सुमारास त्यांनी ऑल इंग्लंड संघाचे नवे प्रमुख जॉर्ज पार यांना पत्र लिहून ई. एम. ला संघात घेण्याची शिफारस केली. आईने मुलासाठी शब्द टाकावा यात नवल नाही. नवल पत्राच्या उत्तरार्धाचे. आपला आणखी एक मुलगा बारा वर्षांचा आहे, तो काळाच्या ओघात थोरल्यापेक्षा सरस ठरेल, कारण मागच्या पायावरचा त्याचा खेळ अधिक भक्कम आहे आणि तो बॅट नेहमी सरळ ठेवतो, असे त्यांनी पुढे कळवल्याचे सांगतात. ज्याची शिफारस करायची, त्याच्याच उणिवेची चुणूक त्याच पत्रात द्यायची, हे आजच्या अर्जलेखनाच्या शास्त्रात बसणार नाही. परंतु 'माझा मुलगा फार गुणी आहे' आणि 'माझ्या मुलाचा मागच्या पायावरचा खेळ भक्कम आहे' या दोन वाक्यांत फार अंतर आहे. पहिले वाक्य मायेचे. दुसरे पारखून पाहता येते. आणि ते पारखले गेले तेव्हा खरे ठरले.

डब्ल्यू. जी. स्वतः वेस्ट ग्लॉस्टरशायरकडून पहिल्यांदा खेळले ते १८५७ मध्ये, नऊ वर्षांचे असताना. धावा नाबाद ३. हा आकडा आम्हांला फार आवडतो. चरित्रात शोभेल असा चमत्कार त्यात नाही; मोठ्या माणसांत उभे केलेल्या एका पोराने बॅट सरळ ठेवून बाद होण्याचे टाळले, इतकेच त्यात आहे. पुढच्या सामन्यांतही त्यांच्या नावावर फारसे काही लागले नाही. मग १८६० च्या जुलैत, बाराव्या वाढदिवसाच्या सुमारास, त्यांनी क्लिफ्टनविरुद्ध ५१ धावा केल्या. पहिली तीन वर्षे हा मुलगा क्लबात खेळला तो डॉक्टरांचा मुलगा म्हणूनच, हे उघड आहे. बापाचा क्लब नसता तर ही तीन वर्षे त्याला मिळाली नसती, आणि मिळाली नसती तर पुढचा इतिहासही कदाचित घडला नसता. त्याच खेड्यात त्याच वयाचे दुसरेही एखादे पोर असेल, ज्याच्या बापाचा क्लब नव्हता. त्याच्या नाबाद ३ धावा कोठेच लिहिल्या गेल्या नाहीत. घरच्या संघाचे हे देणे कधी फिटत नाही. निदान ते आहे, एवढे मानले पाहिजे.

पुढील इतिहास झरझर सांगता येतो. १८६२ मध्ये कँटरबरीला ई. एम. ने एका सामन्यात नाबाद १९२ धावा केल्या आणि एका डावात दहाही गडी बाद केले. १८६४ मध्ये पंधरा वर्षांच्या डब्ल्यू. जीं.नी सभ्य गृहस्थांच्या एका संघाविरुद्ध होव्ह येथे १७० आणि नाबाद ५६ धावा काढल्या. १८६६ मध्ये ओव्हलवर नाबाद २२४. १८७० च्या आसपास डॉक्टरांच्या पुढाकाराने ग्लॉस्टरशायर कौंटी क्लब उभा राहिला, डब्ल्यू. जी. त्याचे कर्णधार आणि ई. एम. चिटणीस. १८७१ मध्ये डब्ल्यू. जीं.नी एका मोसमात २,७३९ धावा केल्या, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात वडील वारले. खेड्यातल्या बागेतील संघ कौंटीचा संघ झालेला त्यांना पाहता आला.

१८८० च्या सप्टेंबरात ओव्हलवर इंग्लंडच्या भूमीवरील पहिला कसोटी सामना ऑस्ट्रेलियाविरुद्ध झाला आणि त्यात तिघे भाऊ एकत्र खेळले. ई. एम. व डब्ल्यू. जी. सलामीला गेले. डब्ल्यू. जीं.नी १५२ धावा केल्या. इंग्लंडकडून केलेले ते पहिले कसोटी शतक. फ्रेड दोन्ही डावांत शून्यावर बाद झाला, पण बॉनर या धिप्पाड फलंदाजाने गगनात भिरकावलेला चेंडू त्याने सीमेजवळ झेलला तो क्रिकेटच्या दंतकथांत जाऊन बसला. फलंदाज तिसरी धाव घेऊ लागले होते तरी चेंडू खाली आला नव्हता म्हणतात. सामन्यानंतर दोनच आठवड्यांनी छातीच्या आजाराने फ्रेड वारला. वय एकोणतीस. आईने सर्वांत धाकटा मुलगा गमावला.

मार्थाबाई त्यानंतर चार वर्षे जगल्या. मैदानावर त्यांची बसण्याची जागा ठरलेली असे, आणि बाहेरगावच्या सामन्यांतील धावफलक मुले त्यांना कळवीत. १८८४ च्या जुलैत दोघे मुलगे मँचेस्टरला लँकेशायरविरुद्ध खेळत असताना आई गेल्याची तार आली. लँकेशायरचे कर्णधार हॉर्नबी यांनी सामना तेथेच थांबवला. दोघे भाऊ घरी गेले. विस्डेन या क्रिकेट वार्षिकातील जन्ममृत्यूंच्या यादीत त्या काळी नोंद मिळालेल्या त्या एकमेव स्त्री.

आतापर्यंतची कथा यशाची झाली. याच घराण्याची पुढची पिढी पाहिली की त्या यशाचे कारण अधिक स्पष्ट होते. डब्ल्यू. जीं.चा थोरला मुलगा १८७४ चा. त्याचे नावही विल्यम गिल्बर्ट, म्हणजे आद्याक्षरेसुद्धा बापाचीच. घरी त्याला बर्टी म्हणत. उंच, चश्मा लावणारा, अभ्यासू मुलगा. केंब्रिज विद्यापीठाकडून तो १८९५ आणि १८९६ मध्ये खेळला. वडील कर्णधार असलेल्या ग्लॉस्टरशायर संघातही तो खेळला आणि पुढे वडिलांनीच उभारलेल्या लंडन कौंटी या संघातही. प्रथम दर्जाच्या सामन्यांतील त्याची सरासरी पंधराच्या घरात राहिली. कर्णधार बापाने त्याला क्षमतेपेक्षा अधिक संधी दिली, असे चरित्रकारांचे मत आहे. बर्टीला स्वतःला काय वाटत होते, ते फारसे कोणी लिहिलेले नाही. आम्हांला मात्र एक चित्र राहून राहून दिसते. १८९५ सालच्या मे महिन्यात सेहेचाळीस वर्षांच्या बापाने शतकांचे शतक पुरे केले आणि त्या एका महिन्यात हजारांहून अधिक धावा जमवल्या. सारा देश त्या दाढीच्या प्रेमात पडला होता. आणि त्याच उन्हाळ्यात, तीच आद्याक्षरे धावफलकावर घेऊन, एकवीस वर्षांचा मुलगा फलंदाजीला जात होता.

बर्टीला बाप होता, तोही जगातला सर्वांत मोठा. मामा नव्हता. म्हणजे नात्याने असेलही, पण ज्याने शांतपणे पाहून सांगावे की या मुलाच्या हातात बॅट जड होते आहे, असा कोणी त्या बापाच्या जवळ उभा नव्हता. आणि असता तरी इतक्या मोठ्या माणसाला सांगणार कोण? स्वतः भाचा म्हणून जे मिळाले, ते बाप म्हणून देता आले नाही. बर्टी पुढे शिक्षक झाला आणि १९०५ मध्ये आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेनंतर तिसाव्या वर्षी वारला. त्याआधी १८९९ मध्ये डब्ल्यू. जीं.ची लाडकी मुलगी बेसी विषमज्वराने गेली होती. त्या बापाच्या दुःखाकडे पाहताना धावांची सरासरी काढत बसणे बरे नव्हे. मुलाला वर्षानुवर्षे आपल्या सावलीत खेळवताना त्या माणसाच्या मनात माया होती, याविषयी आम्हांला शंका नाही. शंका आहे ती माया पुरेशी असते की काय, याविषयी.

हा खेळ आपल्याकडे आला, मुंबईच्या पारशांनी तो उचलला आणि १८८६ मध्ये त्यांचा संघ इंग्लंडला गेला, तेव्हा लॉर्ड्सवर त्यांच्यासमोर हेच डब्ल्यू. जी. उभे होते. त्यानंतर काही पिढ्यांनी ताडदेवच्या चिखलवाडीतील एका घरात डाउनएंडच्या बागेची छोटी आवृत्ती निघाली. बाग कोठली, होती ती घरापुढची चिंचोळी गॅलरी. तेथे मीनल गावसकर आपल्या मुलाला टेनिस चेंडू टाकीत. एकदा सुनीलने मारलेला चेंडू थेट त्यांच्या नाकावर बसला आणि रक्त आले. त्यांनी नाक धुतले आणि खेळ पुढे चालू केला. 'सनी डेज' या आत्मचरित्रात गावसकरांनी हा प्रसंग सांगून पुढे नोंदवले आहे की उरलेला दिवसभर त्यांनी फक्त बचावात्मक फटके खेळले. क्रिकेटवर प्रेम करणाऱ्यांना यात भावी सलामीवीराच्या बचावाचे मूळ दिसते. आम्हांला दुसरेच दिसते. समोर आई उभी असली की मूल मोकळेपणाने मारू शकत नाही. आईबापांच्या गोलंदाजीवर खेळणाऱ्या प्रत्येक मुलाला हा जादा भार वाहावा लागतो.

या घरातही मामा होता. मीनलताईंचे बंधू माधव मंत्री हे भारताचे कसोटी यष्टिरक्षक, दादर युनियनचे आणि शिस्तीचे करडे. मामाकडे भारताच्या संघाचे स्वेटर होते. इतके आहेत तर एखादा द्या, असे भाच्याने धीर करून विचारले. तो घाम गाळून मिळवावा लागतो, असे मामाने सांगितले आणि दिला नाही. भाच्यासाठी जीव टाकणारा मामा नाही म्हणाला म्हणूनच त्या नकाराचा अर्थ मुलाला कळला. बापाचा नकार शिक्षेसारखा लागला असता, परक्याचा अपमानासारखा. १९७१ मध्ये वेस्ट इंडीजमध्ये ७७४ धावा करून भाच्याने स्वेटरची किंमत चुकती केली. आणखी एक फरक नोंदवण्याजोगा. डाउनएंडच्या बहिणी बागेच्या कडेला राहिल्या. चिखलवाडीतील बहीण नूतन गावसकर पुढे महिला क्रिकेटच्या संघटनेत चिटणीस म्हणून वावरल्या. बाग शंभर वर्षांत थोडी रुंदावली होती.

मामाची ही भूमिका मामानेच केली पाहिजे असे नाही. प्राध्यापक आणि कवी रमेश तेंडुलकर यांनी मुलाला क्रिकेट शिकवले नाही; १९८४ मध्ये त्याला शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकरांकडे नेले ते थोरल्या भावाने, अजितने. पहिल्या दिवशी सरांसमोर मुलगा बुजला. तेव्हा भावाने विनंती केली की सरांनी जरा दूर, झाडाआड उभे राहून त्याला पाहावे. पाहणारा दृष्टीआड झाला आणि मुलगा खेळू लागला. कोणी पाहत आहे हे ठाऊक नसताना मूल कसे खेळते, हे पाहण्याची सोय आईबापांना क्वचितच मिळते. त्यांच्या डोळ्यांची मुलांना पाठीवरही जाणीव असते.

आमचा हा सिद्धान्त सर्वत्र लागू पडतो असा दावा मात्र नाही. लाला अमरनाथ यांचे घर तो सरळ मोडून टाकते. १९३३ मध्ये मुंबईत भारताचे पहिले कसोटी शतक करणारे लाला स्वतःच मुलांचे गुरू होते. त्यांचा थोरला मुलगा सुरिंदर याने १९७६ मध्ये ऑकलंडला, वडिलांप्रमाणेच, पदार्पणाच्या कसोटीत शतक केले. मोहिंदर १९८३ च्या विश्वचषकाच्या उपान्त्य आणि अंतिम अशा दोन्ही सामन्यांत सामनावीर ठरला. लालांच्या घरात मामाची वाट कोणी पाहिली नाही. परंतु मोहिंदरच्या कारकिर्दीकडे नीट पाहिले तर वाटते की बापाच्या शिकवणीवर जगाची मोहोर उमटण्यासाठी त्याला संघातून वारंवार बाहेर जावे आणि वारंवार परत यावे लागले. १९८२-८३ च्या मोसमात पाकिस्तान आणि वेस्ट इंडीजच्या वेगवान माऱ्यासमोर त्याने जे सिद्ध केले ते कोणाचा मुलगा म्हणून नव्हते. बाप जर तराजू हातचा सोडणारच नसेल, तर जगाला तो कधीतरी हिसकावून घ्यावा लागतो, आणि त्याची किंमत मुलगा मोजतो.

म्हणून डॉक्टर ग्रेस यांच्याविषयी आमचा आदर वाढला. त्यांनी झाडे तोडून जागा केली, क्लब काढला, सामने जमवले. शिकवणे मेहुण्यावर सोपवले, पारखणे पाहुण्या कर्णधारावर, आणि भाकीत करणे पत्नीवर. नऊ मुलांचा बाप आणि गावोगावचे रोगी सांभाळणारा डॉक्टर, त्याला बहुधा वेळच नव्हता. हे शहाणपण त्याला नाइलाजाने आले असेल. आम्हांला वेळ होता, हीच आमची अडचण झाली.

पुढच्या हंगामात आम्ही शेजारच्या इमारतीतील एका निवृत्त गृहस्थांना गाठले. तरुणपणी ते ऑफिसच्या संघातून खेळले होते आणि वसाहतीतल्या कोणत्याच मुलाचे ते कोणी नव्हते. संघ त्यांनी निवडायचा, आम्ही यष्ट्या, चटया आणि पाण्याच्या बाटल्या वाहायच्या, असे ठरले. त्यांनी चिरंजीवांना पहिल्या सामन्यात घेतले आणि पुढच्या दोन सामन्यांतून वगळले. वगळल्याच्या रात्री जेवताना चिरंजीवांनी त्या गृहस्थांच्या अकलेचा तास दीड तास पंचनामा केला. त्यांना क्रिकेटमधले काही कळत नाही, चश्म्याचा नंबर बदलायला हवा, वगैरे. आम्ही आमटी वाढत सारे ऐकून घेतले. वर्षभरापूर्वी त्याला ही तक्रार घेऊन जायला घरात कोणी नव्हते. ज्याच्याविरुद्ध तक्रार, तोच समोर ताटावर बसलेला असे. आता निवड करणारा तिकडे होता आणि बाप इकडे, ताटाच्या या बाजूला, मोकळा झाला होता.